दुसऱ्या पायाभोवतीचा चर

सोमवारी सकाळी मालक भास्करभाऊंनी तुळसाला पहिल्या टेबलावरून उठवलं आणि पॅकिंगला बसवलं. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या लहानशा कारखान्यात एकोणीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. पहिलं टेबल म्हणजे खिडकीलगतचं, उजेडाचं. तिथे बसून तुळसा मीटरच्या बोर्डांवर सोल्डर करायची. तिच्या हाताखालून गेलेला बोर्ड परत येत नाही, असं खुद्द भाऊच आल्यागेल्याला सांगायचे. आता त्याच तुळसाच्या पुढ्यात पुठ्ठ्याची खोकी आणि चिकटपट्टी येऊन पडली.

"काय गो तुळशे, बढती झाली म्हणायची," शेजारच्या टेबलावरून कमळा म्हणाली. कमळाची आणि तिची बारा वर्षांची सोबत. तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हे.

"झाली तर. पगार तोच नि काम निम्मं."

"मग तोंड का असं? बांगडा मांजराने पळवल्यासारखं?"

तुळसाने खोकं उलटं करून त्याच्या बुडाला पट्टी मारली. पट्टी सरळ बसली, तरी काढून पुन्हा मारली. हाताला दुसरं काम नव्हतं.

भानगड अशी झाली होती. लोटे इथल्या एका केमिकल कंपनीने सांडपाणी किती गढूळ आहे ते मोजायचे मीटर मागवले होते. यंत्र तसं साधं. काचेच्या नळीतून पाणी जातं. एका अंगाने दिवा लागतो आणि आडव्या अंगाला एक डोळा बसवलेला असतो. पाणी नितळ असलं की उजेड सरळ निघून जातो, डोळ्याला जवळजवळ अंधारच. पाणी गढूळ असलं की गाळावर आपटून उजेड चहूकडे उडतो, त्यातला थोडा डोळ्यात पडतो आणि डोळा वीज सोडतो. वीज म्हणायची, पण केवढी! बॅटरीतला लहान दिवा जेवढ्या विजेवर पेटतो तिचे पंधरा-वीस कोटी भाग करावेत आणि त्यातला एखादा उचलावा, एवढी. तिचं माप नॅनोअँपिअरमध्ये, कारखान्याच्या बोलीत नुसतं नॅनो. ही इवलीशी वीज बोर्डावरच्या आठ पायांच्या आयसीकडे जाते, त्याच्या दुसऱ्या पायाशी. आयसी तिला वाढवून आकड्यात दाखवतो.

वैशाखात बारा मीटर लोट्याला गेले आणि आषाढात त्यातले आठ परत आले. नळीत पिण्याचं पाणी भरलं तरी मीटर गढूळ म्हणून सांगत होते. हवा जितकी दमट, तितका आकडा वर. कंपनीला दोन वेळा उगाच पंप थांबवावे लागले. भाऊंनी मग उरलेले चार चांगले मीटरही मागवून घेतले आणि बाराच्या बारा उघडून टेबलावर मांडले. त्या चार चांगल्यांत त्यांना अशी एक गोष्ट दिसली जी ड्रॉइंगमध्ये नव्हती. आयसीच्या दुसऱ्या पायाभोवती, बोर्डाला चिकटून, उघड्या तांब्याच्या तारेचं कडं होतं. कड्याला एक शेपूट होतं आणि ते ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या पट्टीला नेऊन जोडलं होतं. सोल्डरचे टाके असे गोल आणि चकचकीत की हात कोणाचा हे विचारायची गरज नव्हती. तरी भाऊंनी विचारलं.

"मीच केलंय," तुळसा म्हणाली.

"ड्रॉइंग कोणाचं?"

"तुमचं."

"त्यात हे कडं आहे?"

"नाय."

"मग मला न विचारता?"

"भाऊ, पण ते चारच तर चालले."

भाऊ चिडखोर माणूस नव्हता. तीस वर्षं मीटर बनवून बनवून त्यांना मोजूनमापून बोलायची सवय झाली होती. "ते चार कुठे होते ठाऊक आहे? त्यांच्या लॅबोरेटरीत. एसीत. आणि हे आठ होते टाकीवर, पत्र्याखाली. मग कड्यामुळे चालले का एसीमुळे, सांगा तुम्ही."

तुळसाला हे ठाऊक नव्हतं.

"शुक्रवारी लोट्याचे आत्मारामसाहेब येतायत," भाऊ म्हणाले. "अजून चाळीस मीटरचं काम आहे त्यांचं. दोष काय आणि उपाय काय, दोन्ही कागदावर मागितलेत त्यांनी. आमच्या बाईने एक तार लावली नि बरं झालं, असं लिहून देऊ? आमची आर्या कॉम्प्युटरवर सर्किट बसवते आहे. तिथे कड्याचा उपयोग दिसला तर ठेवू. नाही दिसला तर ही चार कडी तुम्हीच कापायची. आणि मग पहिल्या टेबलावर कमळा बसेल. ड्रॉइंग सोडून चालणारा हात मला तिथे नको."

पहिलं टेबल जाणार हे एक दुःख होतं. पण आपल्या हाताने ती कडी कापायची, हे तुळसाला त्याहून जड होतं.

*

तुळसा राजापूरच्या वरच्या अंगाची, डोंगरउतारावरच्या वाडीतली. कारखान्यात आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं, पण विजेला अडवणाऱ्या रेझिस्टन्सवरचे रंगांचे पट्टे तिला आठवड्याभरात पाठ झाले. तपकिरी म्हणजे एक, तांबडा म्हणजे दोन. पुढे आयसीच्या पाठीवरचे आकडे ती ओळखू लागली. स्वतःचं नाव लिहायला ती फार उशिरा शिकली, चाळिशी ओलांडल्यावर, शाळेच्या ओट्यावरच्या साक्षरता वर्गात. बाकीच्या बाया पाटीवर ग म भ न गिरवताना घामाघूम व्हायच्या. तुळसाची रेघ पहिल्या दिवसापासून सरळ आली. बाईंनी विचारलं, आधी कुठे शिकलात? ती म्हणाली, शिकले नाय, पण तारेला वळण लावते रोज.

कडं तिने गंमत म्हणून घातलं नव्हतं. वैशाखाच्या आधी एका ढगाळ दिवशी ती नव्या बोर्डाची तपासणी करत होती. डोळ्यावर काळी पट्टी लावली की आकडा शून्य यायला हवा. येईना. स्पिरिटने पुसलं की उतरायचा, थोड्या वेळाने पुन्हा चढायचा. तिने ओलं बोट बोर्डावर इकडेतिकडे टेकवून पाहिलं. एका जागी टेकवताच आकडा टणकन वर गेला. बारा व्होल्टची पट्टी आणि आयसीचा दुसरा पाय यांच्या मधली जागा होती ती. दोघांत अंतर भाताच्या दाण्याएवढं. म्हणजे पट्टीवरची वीज ओलीच्या वाटेने झिरपत दुसऱ्या पायाशी येत होती, आणि मीटर बिचारा तिलाही उजेडच समजत होता.

त्याच आठवड्यात ती घरी गेली होती. मृगाआधी उतारावरच्या घराभोवती चर मारायचा, हे तिच्या वाडीत कोणाला सांगावं लागत नाही. वरून येणारं पाणी भिंतीला लागायच्या आत चरात पडतं आणि बाजूने निघून जातं. कुदळ मारता मारता तिच्या मनात बोर्ड आला. परतली तेव्हा आठ मीटर डब्यांत बंद झाले होते; उरलेल्या चार बोर्डांना तिने तारेचे चर मारले. आकडा शून्यावर बसला तो हललाच नाही. त्या दिवशी घरी जाताना ती स्वतःशीच हसत होती. कोणाला सांगितलं मात्र नाही. सांगायला गेलं की लोक आधी विचारणार, तुला कोणी सांगितलं. ते ऐकायची तिला हौस नव्हती.

*

मंगळवारी दुपारी काचेच्या पार्टिशनमागून आर्याने हाक मारली.

"मावशी, जरा येता?"

आर्या भाऊंची पुतणी. पुण्याला इंजिनिअरिंग पुरं करून नुकतीच आली होती. लहानपणी ती सुट्टीत कारखान्यात यायची, तेव्हा तुळसाच्याच टेबलाखाली बसून रंगीत वायरींचे गजरे करायची. त्यामुळे तुळसा तिला अजून अरेतुरेच करी.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर काळ्या रेघांत सर्किट होतं. त्रिकोण म्हणजे आयसी हे तुळसाला कळत होतं. दुसरा पाय, तिसरा पाय, वरून फिरून येणारा शंभर मेगओहमचा रेझिस्टन्स, सगळं जागच्या जागी.

"हे बघा," आर्या म्हणाली. "डोळा बंद केला, उत्तर शून्य. दोन नॅनो दिले, उत्तर शून्य पूर्णांक दोन व्होल्ट. अगदी जसं पाहिजे तसं. आता या सर्किटला मी आजारी पाडायला बघते आहे, आणि ते पडतच नाही. आयसी बदलून पाहिला, बारा व्होल्टचे तेरा करून पाहिले. मीटर लोट्याला आजारी आणि इथे ठणठणीत. मग कड्याचा उपयोग दाखवू कशाने?"

तुळसा पडद्याजवळ वाकली. तिने बारा व्होल्टच्या रेघेवरून बोट खाली दुसऱ्या पायापर्यंत नेलं.

"यात ओल कुठंय?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"कागदावर बघ, ही बारा व्होल्टची रेघ वरती, नि दुसरा पाय खाली. दोघांत वीतभर अंतर. बोर्डावर तशी नाय ती. बोर्डावर दोघं एका उंबऱ्यावर बसलीत. तुझ्या कॉम्प्युटरला हे कोणी सांगितलंय?"

आर्या हातातलं पेन चावत थांबली. "कोणीच नाही," ती म्हणाली. "त्याला फक्त कोण कोणाला जोडलंय तेवढंच कळतं. कोण कोणाच्या शेजारी आहे ते नाही."

"मग तो कसा आजारी पडेल? त्याच्याकडे कायम उन्हाळाच."

आर्या हसली, पण लगेच उठली. परत आलेल्यातला एक मीटर आणि कड्याचा एक मीटर असे दोन तिने टेबलावर आणले. दोघांच्या डोळ्यांवर काळी पट्टी लावली. तुळसाने चहाची किटली आणली आणि झाकण उघडून वाफ दोघांवर सारखी फिरवली. कड्याचा मीटर शून्यावर राहिला. दुसऱ्याचा आकडा हळूहळू चढत शून्य पूर्णांक नऊवर गेला आणि तिथे थांबला.

"हे काकांना दाखवूया," आर्या म्हणाली.

भाऊ आले, पाहून गेले. "एक बोर्ड स्वच्छ पुसलेला असेल, एक नसेल," ते म्हणाले. "दोन नगांवरून चाळीसांचं ठरत नाही. का होतं ते सांग, आकड्यासकट." पण जाताना त्यांनी कड्याचा मीटर उचलून डोळ्याजवळ धरला आणि बराच वेळ पाहिला, हे तुळसाच्या नजरेतून सुटलं नाही.

"आकड्यासकट सांगते," आर्या पुटपुटली आणि कॅल्क्युलेटर ओढला. "नऊ दशांश व्होल्ट म्हणजे नऊ नॅनो. बारा व्होल्टला नऊ नॅनोने भागायचं. तेराशे मेगओहमच्या आसपास. मावशी, ही तुमची ओल. तेराशे मेगओहमचा रेझिस्टन्स."

"एवढा मोठा? मग त्यातून काय जाणार?"

"दुसऱ्या कुठल्या सर्किटमध्ये याला कोणी वाट म्हणणारही नाही. पण आपण मोजतोच इतकं कमी की आपल्याला हा हमरस्ता."

तिने पडद्यावर बारा व्होल्टपासून दुसऱ्या पायापर्यंत तो रेझिस्टन्स काढला आणि बटण दाबलं. डोळा बंद असतानाच उत्तर आलं, शून्य पूर्णांक ब्याण्णव.

"पडला गो आजारी," तुळसा म्हणाली. दोघी इतक्या खूश झाल्या की बाहेर कमळाने मान उंचावून पाहिलं. मीटर बिघडला म्हणून आनंद करणारी माणसं तिने पहिल्यांदाच पाहिली असतील.

*

बुधवारी आर्याने पडद्यावर कडं घातलं. ओलीच्या वाटेच्या मधोमध कडं येतं, म्हणून तेराशेचे दोन तुकडे केले. साडेसहाशे पट्टीपासून कड्यापर्यंत, साडेसहाशे कड्यापासून दुसऱ्या पायापर्यंत. बटण दाबलं.

शून्य पूर्णांक ब्याण्णव.

पुन्हा दाबलं. तेच. साडेसहाशेचे आठशे-पाचशे केले, पाचशे-आठशे केले. आकडा तसूभर हलला नाही. दुपारपर्यंत तिने सगळ्या रेघा पुसून पुन्हा काढल्या. आयसीचे पाय एकेक करून तपासले. बोर्ड सांगत होता कड्याने फरक पडतो, कॉम्प्युटर सांगत होता पडत नाही. चार वाजता भाऊ येऊन मागे उभे राहिले. त्यांनी आकडा पाहिला आणि ते आल्या पावली परत फिरले. त्याचा अर्थ सगळ्या कारखान्याला कळला.

कमळा पॅकिंगच्या टेबलाशी आली. आज तिने टोमणा मारला नाही. "तुळशे, मला ते टेबल नको हां," ती म्हणाली. "उजेड डोळ्यावर येतो तिथं."

"एकोणीस वर्षं माझ्या डोळ्यावर नाय आला तो?"

"तुझे डोळे निराळे."

गुरुवारी सकाळी तुळसा बोलावण्याची वाट न बघता पार्टिशनमागे गेली. आर्या डोकं हातांत धरून बसली होती.

"मावशी, खरंच सांगते, मला तुमचं पटतं. पण हे दाखवत नाही तर मी काय करू?"

"दाखव मला, तू कडं कसं घातलंस ते. सावकाश."

आर्याने पडद्यावर बोट ठेवलं. "ही बारा व्होल्टची पट्टी. ही ओल, अर्धी. हे कडं. ही उरलेली ओल. आणि हा दुसरा पाय."

"नि मग?"

"मग काय? एवढंच."

"शेपूट?"

"कसलं शेपूट?"

तुळसाने आपल्या टेबलाच्या खणातून, म्हणजे आता कमळाच्या होऊ घातलेल्या टेबलाच्या खणातून, कड्याचा मीटर आणला आणि उघडून समोर धरला. कड्यापासून निघून ग्राउंडच्या पट्टीत गेलेल्या तारेवर तिने नख टेकवलं.

"हे. हे कुठंय तुझ्यात?"

आर्याने बोर्ड पाहिला, पडदा पाहिला. "मला वाटलं ती तार नुसती कडं जागच्या जागी धरायला आहे," ती हळूच म्हणाली.

"आमच्या बाबल्याला पण असंच वाटलं होतं," तुळसा म्हणाली. "बाबल्या म्हणजे माझा दीर. एका वर्षी चर मारायचं काम त्याच्यावर सोपवलं. चर मारलान मोठा छान, गुडघाभर खोल. पण खालच्या अंगाला तोंड फोडायला कंटाळला. म्हणाला, चर हाय ना, बस्स. तिसऱ्या दिवशी चर भरला नि सगळं पाणी आमच्या चुलीत. चर नसता तर निदान सगळीकडून थोडं थोडं आलं असतं. पाणी अडवून भागत नाय बाय, त्याला जायला वाट द्यावी लागते."

आर्याने माऊस सरकवला, कड्यापासून एक रेघ ओढली आणि ती ग्राउंडच्या खुणेला नेऊन टेकवली. हात बटणावर गेला आणि थांबला.

"तुम्ही दाबा," ती म्हणाली.

तुळसाने पदराला बोट पुसलं आणि बटण दाबलं.

ब्याण्णव गेले. पडद्यावर शून्य आलं. पूर्णांकाच्या पुढे दोन शून्यं आणि मग कुठेतरी एक तीन. आर्याने डोळा उघडला, म्हणजे पडद्यावर दोन नॅनो दिले. शून्य पूर्णांक दोन. दोन नॅनोला जेवढं यावं बरोब्बर तेवढं, मध्ये तेराशे मेगओहमची ओल तशीच असताना.

तुळसा खुर्चीवर टेकली. एकोणीस वर्षांत त्या पार्टिशनमागच्या खुर्चीवर ती पहिल्यांदाच बसली होती, आणि हे तिच्या लक्षातही आलं नाही. आपल्याला जे हाताला कळलं होतं ते या यंत्रालाही कळलं. त्याला ना तिचं वय ठाऊक, ना शाळा, ना पगार. त्याला ओल सांगितली, चर सांगितला, चराचं तोंड सांगितलं, आणि त्याने बिनतक्रार कबूल केलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. बरीच वर्षं झाली, ते तसं येत नसे.

"काका," आर्याने हाक मारली, आणि तिचा आवाज सगळ्या कारखान्यात गेला.

*

शुक्रवारी अकराच्या सुमाराला आत्मारामसाहेब आले. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. चहा बाजूला सारून ते थेट कॉम्प्युटरसमोर बसले. आर्याने त्यांना क्रमाने सगळं दाखवलं. उन्हाळ्यातलं सर्किट, ओलीतलं, चराचं. साहेबांनी मध्ये मध्ये मान हलवली आणि शेवटी एकच प्रश्न विचारला.

"कडं दुसऱ्या पायाच्या इतक्या जवळ आहे. मग पायाकडची वीज उलटी कड्यात जाणार नाही? खरी वीजच गळाली तर मीटर कमी दाखवेल."

आर्या इंग्रजी शब्दांत सांगू लागली. साहेब ऐकत होते, पण कपाळावरची आठी जाईना. तुळसा दाराशी उभी होती. भाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"साहेब, मी बोलू?"

"बोला ना."

"मी एवढी वर्षं बोर्ड तपासते. बोर्ड बरा असला की दुसऱ्या पायावर मीटर लावा, शून्यच असतं. आयसीच तो पाय शून्यावर धरून ठेवतो. नि कडं ग्राउंडला, म्हणजे तेही शून्यावर. दोघं एका पातळीत. सपाटीला पाणी वाहत नाय. बारा व्होल्टची पट्टी तेवढी उंचावर, तिचं खाली येतं ते चरात."

साहेबांची आठी गेली. "घर उतारावर आहे काय तुमचं?"

"होय. राजापुराच्या वर."

"आमचंही खेडच्या वर, उतारावरच." ते पुन्हा पडद्याकडे वळले. "आणि हे शेपूट काढलं तर?"

"काढून बघा."

साहेबांनी जागा करून दिली. तुळसाने आदल्या दिवशी आर्या करत होती तशी रेघेवर खूण आणली, रेघ पुसली आणि बटण दाबलं. शून्य पूर्णांक ब्याण्णव.

"लावा परत," साहेब म्हणाले.

तिने परत लावलं.

साहेबांनी कागद मागितले. आर्याने छापून काढलेले दिले. भाऊंनी आपलं जुनं ड्रॉइंग टेबलावर पसरलं, खिशातलं पेन काढलं आणि दुसऱ्या पायाभोवती स्वतःच्या हाताने गोल काढला. मग शेपूट. पेन बंद करायच्या आधी ते म्हणाले, "आत्मारामसाहेब, ड्रॉइंग माझं होतं आणि ते अपुरं होतं. बाईंचा बोर्ड बरोबर होता." एवढं बोलून त्यांनी पेन खिशाला लावलं. मग चहा पुन्हा गरम करायला सांगितला.

तुळसाने मान खाली घातली नाही. लाजायचं असं त्यात तिला काही दिसलं नाही. बोर्ड बरोबर होता, हे तिला वैशाखापासून ठाऊक होतं.

जाताना साहेब म्हणाले, "चाळीसच्या चाळीस असेच. आणि हे आठही." मग तुळसाकडे वळून, "एकट्याने होतील?"

"एकटी कशाला? सहाजणी आहोत. शिकवते सगळ्यांना."

*

दुपारी तुळसा पहिल्या टेबलावर बसली. खिडकीतून पावसाळी, दुधी उजेड येत होता. तिने सोल्डरची गन तापवली, टोक ओल्या स्पंजवर पुसलं आणि पाचही जणींना भोवती उभं केलं. कडं कसं वळवायचं, पायापासून किती दूर, कुठे चिकटवायचं, सगळं दोनदा करून दाखवलं. मग परत आलेले आठ बोर्ड वाटून दिले.

"झाली गो मास्तरीण," कमळा म्हणाली. "आता छडी तेवढी आणायची राहिली."

"आणीन. तुझ्यापासून सुरुवात करीन."

संध्याकाळी बोर्ड तिच्या टेबलावर जमले. तिने एकेक भिंगाखाली धरला. तीन मैत्रिणींचे मिळून पाच बोर्ड चांगले होते. एकीचं कडं बारा व्होल्टच्या पट्टीकडे झुकलं होतं, ते बाजूला काढलं. एक तिचा स्वतःचाच होता. बोलता बोलता केलेला, शेपटाचा टाका भुरकट आला होता. तोही बाजूला काढला, सगळ्यांच्या देखत. मग कमळाचा बोर्ड घेतला. कडं सुरेख होतं, बांगडीसारखं गोल. शेपूट ग्राउंडच्या पट्टीवर नुसतं टेकलं होतं. वर सोल्डरचा थेंब होता, पण खाली धरलेला नव्हता.

"हा परत कर."

"काय झालंय त्याला? बघ तरी, तुझ्यापेक्षा गोल आलंय कडं."

"कडं आलंय. शेपूट सुटंय."

"डबा बंद झाल्यावर कोणाला दिसतंय ते?"

"ओलीला दिसतं," तुळसा म्हणाली, आणि बोर्ड तिच्या हातात दिला.

कमळा तोंडातल्या तोंडात काहीतरी बडबडत आपल्या टेबलाशी गेली आणि तिने गन पुन्हा तापत लावली.